मन कुणाचं तपासायचं? : ‘कोर्ट’ सिनेमाबद्दल

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा सिनेमा १७ एप्रिल २०१५ ला आपल्याकडे थिएटरात लागला. त्याआधी २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला बक्षिसं मिळाली होती. पुढं राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, भारतातर्फे ऑस्करलाही गेला. मग आपले पांढरपेशे समीक्षक त्याच्यावर तुटून पडले. कॅमेरा कसा हलत नाही, शॉट किती लांबलचक, नट कसे नटासारखे वाटतच नाहीत, संथपणात केवढं काव्य आहे. पानंच्या पानं लिहिली. असेलही ते सगळं खरं. पण दोस्तांनो, सिनेमाचं नाव ‘कोर्ट’ आहे. त्यात एक फौजदारी खटला चालतो. त्यात गुन्हा नेमका कोणता, तो कुणी केला, तो शाबीत कसा करायचा, ह्यावर दोन ओळी लिहायला ह्यांना फुरसत नाही झाली. ज्याच्या घरातलं माणूस कधी पोलिसांनी उचललेलं नाही, त्याला कोर्ट म्हणजे लाकडी बाकं आणि सुंदर प्रकाशयोजना एवढंच दिसणार.

मी वकील नाही. वस्तीतली पोरं उचलली गेली की चौकीपासून कोर्टापर्यंत खेपा घालणाऱ्यांपैकी एक. ह्या खेपांत कायद्याचे काही शब्द कानावर पडत गेले, मग ते पुस्तकात शोधून बघितले. त्याच शब्दांच्या आधारानं मला हा सिनेमा तपासायचा आहे. सिनेमा चांगला आहे हे आधीच सांगून टाकतो. म्हणूनच त्याच्याशी भांडण करण्यात अर्थ आहे.

गोष्ट अशी. नारायण कांबळे हा पासष्टीचा लोकशाहीर. घरी पोरांच्या शिकवण्या घेतो, बसनं सभेला जातो, स्टेजवर उभा राहून गातो. गात असतानाच पोलीस त्याला उचलतात. आरोप काय? तर एका वस्तीत त्यानं गाणं म्हटलं, गटारात उतरणाऱ्या कामगारांनी विषारी वायूत गुदमरून जीव द्यावा असं त्या गाण्यात होतं, आणि ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा. कांबळेची भूमिका केलीय वीरा साथीदार यांनी. नागपूरचे कार्यकर्ते, कवी, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. १३ एप्रिल २०२१ ला कोरोनानं ते गेले. गाणी संभाजी भगत यांची. म्हणजे ह्या सिनेमाचा आवाज आपल्याच चळवळीतला आहे, हे समीक्षकांनी सांगितलं नाही तरी आपण ध्यानात ठेवावं.

आता पहिला शब्द घेऊ. गुन्हा.

फौजदारी कायदा गुन्ह्यात साधारण दोन गोष्टी बघतो. माणसानं काहीतरी केलेलं पाहिजे, आणि ते करताना त्याच्या मनात तसा हेतू किंवा तशी जाणीव पाहिजे. नुसतं मनात आलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. नुसतं हातून घडलं म्हणूनही बहुतेक वेळा होत नाही. झाडावरून पाय घसरून मी खालच्या माणसावर पडलो नि तो मेला, तर मी खुनी नव्हे. आणि तिसरं, माझं करणं नि त्याचं मरणं ह्यांच्यात दोरी बांधून दाखवता आली पाहिजे.

हे साधं तत्त्व आपल्या लोकांच्या बाबतीत कसं पाळलं गेलं ते इतिहासाला विचारा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात करणंही नको आणि मनही नको. जन्म पुरे. अमक्या जमातीत जन्मलास, आता हजेरी दे, गाव सोडायचं तर परवाना घे. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण चोरी झाली की अजून पारध्याच्या पालावरच आधी गाडी जाते. आधी माणूस ठरवायचा आणि मग त्याला गुन्हा शोधायचा, ही तिथली रीत. ‘कोर्ट’मध्ये कांबळेच्या बाबतीत हीच रीत चालते, फक्त तिला आता कलम नंबर आहे.

ते कलम म्हणजे १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं ३०६. दहा वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम १०८ झालं. मोर्चाला जाणाऱ्यांनी दोन्ही आकडे पाठ ठेवावेत. प्रवृत्त करणं म्हणजे काय, तेही कायद्यात सांगितलेलं आहे. चिथावणी देणं, कटात सामील होणं, किंवा जाणूनबुजून मदत करणं. सुप्रीम कोर्टानं २००१ च्या रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड ह्या निकालात म्हटलं, की परिणाम व्हावा असा इरादा नसताना रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. म्हणजे मरणाऱ्याला मरणाकडं ढकलायचा हेतू पाहिजे आणि त्या ढकलण्याचा मरणाशी जवळचा संबंध पाहिजे.

मग गाणाऱ्याचा हेतू काय असतो? कवितेत माणूस म्हणतो, असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं. हे ऐकून कुणी मरत नाही, ऐकणाऱ्याला आपल्या जगण्याची चीड येते. शाहिरीतला उपरोध आपल्या आज्यालाही कळत होता. कोर्टाला मात्र तो आदेश वाटतो. सरकारी वकील नूतन गाण्याचे शब्द रुक्षपणे वाचून दाखवते. डफ नाही, ताल नाही, पुढं बसलेली वस्ती नाही. वाक्याचं मढं टेबलावर ठेवून त्याचं शवविच्छेदन चालतं. मला विचाराल तर मराठी सिनेमात साहित्याच्या आकलनावर केलेली ही सगळ्यात जबरी टीका आहे. आपल्या कवितेत शिवी दिसली की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ते जुने समीक्षक आणि ही सरकारी वकील एकाच शाळेतले. शब्द घ्यायचा, त्याच्या मागची आग सोडून द्यायची.

शब्दांवर खटला भरण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तकावरून पुण्यात जेधे-जवळकरांवर बदनामीचा खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा लागली. १९२६ साली अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. लिहिणाऱ्याच्या बाजूनं कोर्टात उभं राहणं ही आपल्या चळवळीची जुनी परंपरा आहे.

आता पुढं जाऊ. कोर्ट कांबळेच्या मनात काय होतं ते खणत बसलंय. पण वासुदेव पवार मेला कुठं? मॅनहोलमध्ये. कशानं? आतल्या विषारी वायूनं. त्याची बायको शर्मिला साक्षीला येते. हा सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग आणि त्यात एक थेंब अश्रू नाही. ती सांगते, वास सहन होत नाही म्हणून तो आधी दारू प्यायचा. खाली उतरण्याआधी खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, नाही आली तर उतरायचं नाही. एक डोळा कामापायीच गेलेला. मास्क नाही, बूट नाही, काही नाही. आत्महत्येचं कधी बोलला का? नाही.

आता हे ऐकून कुणाही शहाण्या माणसाला काय वाटेल? इथं एक करणं आहे : माणसाला साधनांशिवाय मृत्यूच्या भोकात उतरवलं. इथं जाणीवही आहे : आत वायू असतो हे कामावर लावणाऱ्याला ठाऊक नसतं काय? झुरळाला ठाऊक आहे. आणि दोरी तर इतकी स्पष्ट, की आंधळ्यालाही चाचपडून सापडावी. म्हणजे गुन्ह्याला लागणारं सगळं इथं हजर आहे. फक्त आरोपी गैरहजर. काम देणारा पिंजऱ्यात नाही, पाठवणारा मुकादम नाही, ज्यांच्या शहराची घाण तो काढत होता ते तर नाहीतच. पिंजऱ्यात एकटा शाहीर.

कायदा नव्हता म्हणावं तर तसंही नाही. हातानं मैला साफ करण्यावर १९९३ साली बंदीचा कायदा आला. २०१३ साली नवा आला. योगायोग बघा, तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ ला. त्याच्या सातव्या कलमानं गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्याचं ३०४-अ होतंच, आता ते न्याय संहितेत १०६ आहे. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून हुकूम केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पैसे वाढले. पण गटारमृत्यूपायी तुरुंगात बसलेला कंत्राटदार तुमच्यापैकी किती जणांनी बघितलाय?

इथं फौजदारी न्यायाची एक गोम कळून घ्यायला पाहिजे. दिवाणी दावा माणूस माणसावर लावतो. फौजदारी खटला सरकार चालवतं. ज्याचं माणूस मेलं, तो त्या खटल्यात बहुतेक वेळा नुसता साक्षीदार. आरोपी कोण हे एफआयआर लिहिणारा नि तपास करणारा ठरवतो. आरोपीचा वकील फार तर म्हणेल की माझ्या माणसानं केलं नाही. सिनेमातला विनय व्होरा तेच म्हणतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो. दुसऱ्याला पिंजऱ्यात उभं करणं त्याचं काम नाही. कोर्टाकडं मात्र ती ताकद आहे. पुराव्यातून आणखी कुणी गुन्हेगार दिसला तर त्याला बोलावण्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३१९ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५८ आहे. पोलीस एफआयआर घेत नसतील तर मॅजिस्ट्रेटकडं जाऊन तपासाचा हुकूम मागता येतो, जुनं १५६(३), नवं १७५(३). सिनेमात शर्मिलाची साक्ष संपते आणि न्यायाधीश पुढची तारीख देतो. तिच्या तोंडून एक दुसराच गुन्हा कोर्टासमोर आला होता. कुणाच्या कानावर तो पडलाच नाही.

पडणार तरी कसा? साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतो, आणि कागदावर उतरतं ते न्यायाधीशाचं बोलणं. सिनेमात हे पुन्हा पुन्हा घडतं. बाई आपल्या बोलीत चार गोष्टी सांगते, कागदावर एक सपाट वाक्य पडतं. अपिलात वरचं कोर्ट वाचणार ते सपाट वाक्य. झुरळ तिथपर्यंत पोचत नाही. कार्यकर्त्यांनी एवढं शिकावं : साक्ष नोंदवली जाते तेव्हा काय लिहिलं गेलं ते वाचून दाखवायला सांगा, चूक असेल तर तिथल्या तिथं बोला. साक्षीदाराला तो अधिकार आहे.

दुसरा शब्द, पुरावा. आरोपीनं आपण निर्दोष आहोत हे शाबीत करायचं नसतं. आरोप करणाऱ्यानं तो शाबीत करायचा, आणि तोही वाजवी संशयाला जागा राहणार नाही इतका. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातही होतं आणि २०२३ च्या साक्ष अधिनियमातही आहे. हे कागदावर. ‘कोर्ट’मध्ये सरकारपक्षाचा साक्षीदार येतो तो पोलिसांचा कायमचा गडी निघतो. त्याच अधिकाऱ्याच्या दुसऱ्या केसेसमध्येही हाच साक्षीला. आपल्याकडच्या कुठल्याही कोर्टाच्या आवारात चहा पिणाऱ्याला हा माणूस ओळखीचा आहे.

झडतीच्या पंचांबद्दल कायदा काय म्हणतो बघा. त्याच भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी. जुनं कलम १००, नवं १०३. हा ‘प्रतिष्ठित’ शब्द मला फार दिवस छळतोय. आपल्या वस्तीत झडती झाली तर प्रतिष्ठित कोण? कचरा वेचणारी मावशी प्रतिष्ठित नाही काय? ती तर पहाटेपासून गल्लीत असते, सगळं तिनंच बघितलेलं असतं. पण पंचनाम्यावर सही असते ती पोलिसांच्या ओळखीच्या दुकानदाराची. पुराव्याच्या कायद्यात जात कुठं लिहिलेली नाही म्हणतात. ती अशा एखाद्या विशेषणात बसलेली असते. नव्या संहितेत झडतीचं चित्रण करायची सक्ती आली आहे. ते चित्रण मागायला शिका.

तिसरा शब्द, जामीन. सिनेमाचा खरा खलनायक इथं आहे.

निर्दोष मानायचं असेल तर खटला संपेपर्यंत माणूस बाहेर पाहिजे, हे सरळ आहे. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर १९७७ साली सांगून गेले. १९७८ च्या मोतीराम खटल्यात त्यांच्यापुढं एक गवंडी होता. दहा हजारांचा जामीन मागितलेला, आणि त्याच्या भावाची हमी भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारलेली. अय्यरांनी त्या हुकमाची सालटी काढली. १९७९ साली हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी पुढं आले. शिक्षा झाली असती तर जेवढी भोगावी लागली असती, त्याहून जास्त काळ त्यांच्यातले कित्येक खटल्याविना आत होते. त्याला आता चाळीस वर्षांच्या वर झाली. २०२२ अखेरची सरकारचीच आकडेवारी घ्या. देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं, त्यातली ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन. त्या कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचे वीस टक्क्यांहून जास्त. २०११ च्या जनगणनेत आपला वाटा साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या टक्क्यांचा हिशेब कुणी द्यायचा?

कांबळेला जामीन मिळतो तो एक लाखाचा. त्याच्याकडं कुठले लाख? व्होरा स्वतः भरतो. ज्याला व्होरा भेटत नाही त्याचं काय, हे सिनेमा सांगत नाही, आपण सांगू शकतो. बाहेर येऊन कांबळे पुन्हा गातो. मग त्याला पुन्हा उचलतात. आता कलम यूएपीएचं, बेकायदा कृत्यांचं. शाहिरीच्या शिबिरांच्या आडून देशद्रोही शिबिरं घेतो म्हणे. ह्या कायद्यात २००८ साली ४३-ड(५) घातलं गेलं. पोलिसांची डायरी किंवा आरोपपत्र वाचून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर दहशतवादाच्या कलमांखाली जामीन द्यायचाच नाही. आरोपपत्राला साठ-नव्वद दिवसांऐवजी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. २०१९ च्या वटाली निकालानं हे आणखी आवळलं. २०२१ च्या नजीब निकालानं थोडी फट ठेवली, की खटला लांबून माणूस वर्षानुवर्षं आत सडत असेल तर वरची कोर्टं जामीन देऊ शकतात. पण शाबीत करायची जबाबदारी सरकारवर, हे तत्त्व इथं जामिनाच्या दारातच उलटं होतं. खटला हरला तरी सरकार जिंकतं, कारण मधली वर्षं आरोपी आत असतो.

हे सिनेमातलं म्हणून सोडून देऊ नका. कबीर कला मंचाचे शाहीर २०१३ साली आत गेले आणि त्यांच्यातल्या तिघांना सुप्रीम कोर्टातून जामीन मिळाला जानेवारी २०१७ मध्ये. खटला न संपताच साडेतीन वर्षांहून जास्त. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले, जामिनाचा अर्ज हायकोर्टात पडलेला होता. सिनेमात न्यायाधीश म्हणतो वरच्या कोर्टात जा, आणि उद्यापासून कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. दिवे विझतात, दार लागतं, अंधारात रिकामी बाकं. आजारी म्हातारा आत.

इथं दुसरा कुणी दिग्दर्शक थांबला असता. ताम्हाणे थांबत नाहीत आणि इथंच मला त्यांचा मोठेपणा दिसतो. ते कॅमेरा घेऊन न्यायाधीशाच्या सहलीला जातात. दिवसभर पुरावा मागणारे सदावर्ते साहेब तिथं एका बोलत नसलेल्या पोरासाठी नावाचे आकडे आणि अंगठीतला खडा सुचवतात. ह्याच साहेबांनी आधी एका बाईचं प्रकरण तिनं बिनबाह्यांचा कपडा घातला म्हणून ऐकलं नव्हतं. नूतन ताई पोराला शाळेतून आणतात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी परप्रांतीयांना हाकलणारं नाटक बघून टाळ्या वाजवतात. वाईट बाई नाही ती. दमलेली, संसारी, आपल्या शेजारी असावी तशी. आणि सहज गप्पांत म्हणते की द्या वीस वर्षं आणि मोकळे व्हा. व्होराही आपल्या घरात, आपल्या वर्गात.

कायदा म्हणतो आरोपीचं मन तपासा. ताम्हाणे कोर्टाचं मन तपासतात. निकाल देणारं मन कुठं घडतं? पुस्तकात नाही, स्वयंपाकघरात, नाट्यगृहात, रिसॉर्टच्या बाकड्यावर. जात, वर्ग, भाषा, सवय, झोप. हे कुठल्याही आरोपपत्रात येत नाही, म्हणून सिनेमा लागतो. सौंदर्यवाद्यांनी ज्याला संथ लय म्हटलं, ती माझ्या लेखी उलटतपासणी आहे. साक्षीदार न बोलता सगळं कबूल करून जातो.

आता भांडण. हा कॅमेरा वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकिलाच्या घरी जातो, न्यायाधीशाबरोबर पोहायला जातो. वासुदेव पवारच्या खोलीत तो का जात नाही? शर्मिला व्होराच्या गाडीत बसते, पैसे घेत नाही, काम असेल तर सांगा म्हणते, आणि उतरून सिनेमातून निघून जाते. तिच्या मागं जाऊन बघा ना, ती कुणाशी काय बोलते, संघटना तिच्या दारी येते की नाही. कांबळे तर अटकेनंतर आपल्याला दिसतो तो बहुतेक कोर्टाच्या नजरेतून. ज्याच्यासाठी वस्ती रात्री जागते, वर्गणी काढते, जामीनदार शोधत फिरते, ती जागणारी वस्ती ह्या सिनेमात नाही. त्यामुळं व्यवस्था अजिंक्य वाटते आणि आपला माणूस एकटा. हे खरं नाही. आपली माणसं एकटी नव्हती आणि नाहीत. शोषकाचं मन इतक्या बारकाईनं बघणाऱ्या दिग्दर्शकाला शोषिताचं नुसतं सोसणं दिसावं, ही त्याच्या वर्गाची मर्यादा आहे. वीरा साथीदारांच्या डोळ्यांत ती चळवळ दिसते, कथेत दिसत नाही.

शेवटी आपल्या घरातलं बोलायचं, कारण ह्या सिनेमानं माझी झोप त्यासाठी उडवली. नूतनचं ते वाक्य, द्या वीस वर्षं आणि मोकळे व्हा, आपणही बोलतो. आपल्या माणसावर अत्याचार झाला की मोर्चात घोषणा असते, फाशी द्या, खटला कशाला पाहिजे. राग खरा आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी दिली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू नाही म्हटलं. २०१० साली हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली. जातीतून झालेला खून जातीचा ठरला नाही. तिथंही प्रश्न मनाचाच होता. कांबळेच्या मनात नसलेला हेतू गाण्यातून काढून दाखवतात आणि खैरलांजीत गावभर दिसणारा हेतू कोर्टाला दिसत नाही.

म्हणून काय, तत्त्वच फेकून द्यायचं? काही तरुण मित्र तसं म्हणतात. मला ते पटत नाही. मित्र विचारतात, यूएपीएत जामीन नाही म्हणून ओरडता, मग ॲट्रॉसिटीत अटकपूर्व जामीन नाही त्याचं काय? ह्याला तोंड चुकवू नये. १९८९ च्या कायद्याचं कलम १८ अटकेआधीचा जामीन अडवतं, कारण बाहेर राहिलेला सवर्ण आरोपी दुसऱ्या दिवशी फिर्यादीच्या दारात उभा राहतो. अटकेनंतरचा जामीन त्यानं बंद केलेला नाही. आणि वरवर बघताही गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन देता येतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० साली नवीन दुरुस्ती उचलून धरतानाच सांगितलं. दुबळ्याला धाकापासून वाचवणारी अट आणि सरकारला धाक घालायला मोकळीक देणारी अट, ह्यांतला फरक आपल्याला सांगता आला पाहिजे. आणि शाबीत होईपर्यंत निर्दोष हे तत्त्व आपल्या शत्रूलाही लागू आहे, हेही म्हणता आलं पाहिजे. शत्रूच्या बाबतीत आपण ते मोडलं तर उद्या कांबळेसाठी ते मागायला तोंड राहणार नाही.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. घटना समितीत २१ व्या कलमातून योग्य न्यायप्रक्रियेची हमी गळली आणि ‘कायद्यानं ठरवलेली पद्धत’ एवढंच उरलं. त्याची भरपाई म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवीन कलम आणलं, आजचं २२ वं. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. त्यात सवर्ण-अवर्ण, आपला-परका असं काही नाही. ज्या समाजाला जन्मानं गुन्हेगार ठरवलं गेलं, त्याच्या माणसानं सगळ्यांच्या अटकेवर लगाम घातला.

तेव्हा हा सिनेमा वस्तीत दाखवा. पडदा नसेल तर चादर लावा. मध्ये थांबवा. शर्मिलाची साक्ष झाली की दिवा लावा आणि विचारा, पिंजऱ्यात कोण पाहिजे होतं? बायका बरोबर सांगतील. मग एका वहीत लिहून काढा. अटक झाली तर कुणाला फोन करायचा, फुकट वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून कसा मागायचा, एफआयआरची नक्कल कशी घ्यायची, जामीनदार म्हणून कुणाची कागदपत्रं तयार आहेत. आणि तुमच्या भागात मॅनहोलमध्ये माणूस उतरताना दिसला, तर त्याच्या मरणाची वाट न बघता २०१३ च्या कायद्याखाली फिर्याद द्या, काम देणाऱ्याचं नाव घालून. सिनेमात जो आरोपी हजर झाला नाही, त्याला हजर करायचं काम सिनेमावाल्यांचं नव्हतंच. ते आपलं आहे.